तिसरी खेप

“आमच्या मंडळातून एक पोर गळला नाय. सात वर्षांत एक नाय!” हौसाबाई उभी राहून म्हणाली, आणि रोह्याच्या शाळेतल्या हॉलमध्ये बसलेल्या तीस-चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या रास्तच होत्या. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात मुलींचा कबड्डी संघ टिकवणं म्हणजे खायचं काम नाही. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं असतं, कुणाला मिठागरावर आईची भाकरी पोचवायची असते. म्हणून हौसाबाईने रिवाजच पाडला होता. पोर सरावाला आलं नाही की आपण त्याच्या घरी जायचं आणि हाताला धरून मैदानावर आणायचं. “हौसाकाकी म्हणजे घोरपड, धरलं की सोडायची नाय,” असं पोरं म्हणायची. तिला ते ऐकून बरंच वाटायचं.

शिबिर होतं मुलांच्या मंडळांत फुकट राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. विषय मुलांच्या सुरक्षेचा. शहाण्णव साली तो बहुतेकांना नवाच होता, आणि चहा चांगला मिळतो म्हणूनही काही जण आले होते. शिकवायला नदीपलीकडच्या अष्टमी गावातून, पूल ओलांडून सिपोराबाई आल्या होत्या. निवृत्त नर्स, कोकणातल्या ज्यू समाजातल्या. नात्यातले सगळे केव्हाच इस्रायलला गेले, या मागे राहिल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

“सगळ्यात जास्त कुणी दमवलं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“दिपिकानं. अकरा वर्षांची हाय. शनवार आला की दांडी. तीनदा आणली तिला, मिठागराच्या बांधावरनं चालत.”

“पहिल्या खेपेला काय म्हणाली?”

“पोटात दुखता म्हनली.” हॉल हसला.

“दुसऱ्या खेपेला?”

“रडली. दार धरून बसली.”

“आणि तिसऱ्या?”

“काय नाय. गपचूप खुंटीवरची जर्सी घातलीन नि चालायला लागली. वळण लागला पोरीला.”

सिपोराबाई म्हणाल्या, “पहिल्या खेपेला तिनं तुम्हाला सांगितलं, हौसाबाई. दुसऱ्या खेपेलाही सांगितलं. तिसऱ्या खेपेला तिनं सांगायचं सोडून दिलं.” मग त्यांनी हळूच विचारलं, “शनिवारी सराव कोण घेतं?”

“माजा दीर,” हौसाबाई म्हणाली. शनिवारचा सराव दिनानाथ घ्यायचा, तिचा सख्खा दीर. कंपनीत शिफ्टला होता आणि शनिवारी त्याला सुट्टी असायची. मंडळात त्याला तिनेच आणला होता. सराव संपला की मैदान आखायच्या फक्कीची गोणी आणि दोऱ्या मंडळाच्या खोलीत ठेवायला तो एका मुलीला थांबवून घ्यायचा. बहुतेक वेळा दिपिकालाच. पोर गुणी आहे म्हणून, असं हौसाबाई धरून चालली होती.

“बाई, तो तसा नाय,” ती म्हणाली. तो कसा आहे, हे अजून कुणी विचारलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सिपोराबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. “मी कुणाला दोषी म्हणत नाही. तुम्ही त्याला दोषी म्हणू नका, निर्दोषही म्हणू नका. पोरीला खोदून खोदून विचारू नका. ती बोलेल तेवढं ऐका. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. सांगावं लागेल, तेव्हा मी तुमच्याबरोबर येईन.”

परतीच्या एसटीत नागोठण्यापर्यंत हौसाबाईला सिपोराबाईंचा भयंकर राग आला होता. एका चुलीचं घर, त्यात असला संशय घेऊन जायचं? नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल, गाव तर शेणच घालील. नागोठणं मागे पडलं तसा तिला स्वतःचा राग यायला लागला. बांधावरून चालताना दिपिकाचं बोट तिने किती घट्ट धरलं होतं, ते तिला आठवत राहिलं. लाजेने तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

गावात उतरल्यावर ती घरी गेली नाही. आधी मंडळाचे अध्यक्ष केरूअण्णा यांच्याकडे गेली आणि खोलीची किल्ली मागून घेतली. “शनवारचा सराव बंद. भावोजींना खोलीकडं फिरकू द्यायचा नाय. का ते सांगते, पन आज नाय,” एवढंच बोलली आणि मिठागराच्या वाटेला लागली.

ऊन कलत होतं. दिपिकाची आई अंगणात मासे साफ करत होती. पडवीत बसलेल्या दिपिकाने बांधावरून येणारी हौसाकाकी पाहिली. रविवारी सराव नसतो, हेही तिला आठवलं नाही. ती न बोलता उठली, खुंटीवरची जर्सी काढली आणि डोक्यातून घालायला लागली.

हौसाबाईने ती तिच्या हातातून हलकेच घेतली आणि परत खुंटीला टांगली. मग आई दिसेल अशा जागी पडवीत खाली बसली.

“आज न्यायला नाय आले गो. शनवारी पन येनार नाय.”

दिपिकाने खुंटीवरच्या जर्सीकडे पाहिलं. मग जवळ येऊन बसली.

“काकी,” ती म्हणाली, “माज्या पोटात कदीच दुखत नव्हता.”