प्रणयला काय आवडतं

“चीज वर घालायचं का खाली?” सोनूबाईने फोनमध्ये तोंड घालून विचारलं.

“वर, आजी. मग त्याच्यावर गरम ग्रेव्ही ओतायची, म्हणजे ते वितळतं.” तिकडे कॅनडात सकाळ होती. चौदा वर्षांची प्राप्ती शाळेच्या बसमध्ये बसून थळच्या आजीला फिंगर चिप्सचा एक भलताच प्रकार शिकवत होती.

“आणि हे तुम्ही रोज खाता?”

“शाळेच्या कॅन्टीनमध्ये हेच असतं. सकाळी कोणी काही खात नाही, सगळे बस पकडायला पळतात. शाळा सुटली की कोणी हॉकीला, कोणी दुकानात कामाला. जाताजाता डोनट. रात्री प्लेट घेऊन आपापल्या खोलीत.”

“एकत्र न्हाय बसत जेवायला?”

“नाही. दार लावायचं, कानात हेडफोन घालायचे. कोणी बघत बसलेलं नाही आवडत, आजी. दादाला तर अजिबातच नाही.”

सोनूबाईने कपाळावर हात मारला. ही काय तऱ्हा! इथे थळला शेजाऱ्याच्या ताटात डोकावल्याशिवाय माणसाला स्वतःचा घास उतरत नाही.

पण हसण्यावारी नेऊन भागणार नव्हतं. उद्या दुपारी प्रणयला पान वाढायचं होतं. प्रणय म्हणजे तिच्या सुजितचा थोरला, सोळा वर्षांचा. सुजित तिकडे गेला तो तिकडचाच झाला. दरवर्षी “पुढच्या मे महिन्यात येतो” म्हणायचा, आणि मे महिना कोरडाच जायचा. नातवाला तिने कधी मांडीवर घेतलं नव्हतं, एक घास भरवला नव्हता. फोनवर तो “हाय आजी” म्हणायचा आणि सटकायचा. हल्ली तर तेवढंही कानावर पडत नव्हतं. त्यालाच विचारावं, तर सोय नाही. सुजितला विचारलं, तर तो म्हणाला, “आई, मलाच धड माहीत नाही गं.” आणि त्याने फोन ठेवून दिला.

बापालाच ठाऊक नाही, तिथे आजीने काय करावं? सोनूबाईचा जीव तुटत होता. पोरगा पहिल्यांदा आपल्या दारात येणार आणि उपाशी परत जाणार, ही एकच धास्ती तिने घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने चूल पेटवली.

“जिताड्याचं कालवण कर,” नवरा म्हणाला. धर्मा अंगणात बसून शिडीची सुटलेली पायरी सुतळीने आवळत होता. कौलांवरचा पालापाचोळा त्याने उजाडतानाच झाडून काढला होता. “आपलंच रगत हाय. खाईल.”

“कालवण तर हायेच. पन त्याला काटे काढता येतील का?”

धर्मा आत आला आणि बटाटे चिरायला बसला. जन्मभर होडीवर जाळी ओढलेली बोटं, पण चिप्स कशा एकसारख्या पडत होत्या.

शेजारची पूनम चीज आणि डोनट घेऊन आली. अलिबागला जाऊन तिनेच ते आणलं होतं.

“पूनम, येईल ना गो तो?”

“येईल, काकी. एवढ्या मायेनं केलंस, येनार कसा न्हाय?” पूनमने मान वळवली आणि उगाच चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

बाहेर बोंबील वाळत घातले होते आणि माडावर कावळे टपून होते. एरवी सोनूबाई वेळूची काठी अशी आपटायची, की कोळीवाड्यातल्या कावळ्यांनी तिचा धसकाच घेतला होता. तिचा नुसता पदर दिसला तरी ते पार समुद्रापर्यंत उडायचे. आज काठी माळ्यावर पडून होती. बोंबलांकडे बघायला वेळ होता कुणाला?

पहिला घाणा करपला. दुसरा नरम पडला. तिसरा कसाबसा जमला. ग्रेव्ही म्हणून तपकिरी रस्सा झाला खरा, पण तो तसाच असतो की कसा, देव जाणे.

“मीठ बघितलंस?” धर्माने विचारलं.

“त्याच्याआधी मी कशी चाखू?”

दुपार व्हायच्या आत केळीचं पान भरलं. एका बाजूला भात आणि कालवण, दुसऱ्या बाजूला चिप्स, वर चीज, त्यावर रस्सा, कोपऱ्यात डोनट. असलं पान थळमध्ये आजवर कुणी वाढलं नसेल. सोनूबाईने ते दोन्ही हातांनी उचललं आणि उंबऱ्यापर्यंत आणलं.

“दे इकडे. तू आत जा,” धर्मा म्हणाला.

“मना बघूदे की एकदा.”

“प्राप्तीने काय सांगितलं? बघत बसलेलं त्याला आवडत न्हाय. आनि तुझ्यासमोर तर तो यायचाच न्हाय.”

ते खरं होतं. म्हणून तर तिला रडू फुटलं. तिने पान त्याच्या हातात दिलं, आत गेली, दार लावून घेतलं आणि दाराला कान लावून बसली.

बाहेर शिडी करकरली. कौलांवर पान सरकलं. पण माडावरून कोणी खाली उतरेना. शेवटी धर्माने माडाच्या शेंड्याकडे बघून हाक मारली, “काव... काव... ये रं प्रणय. आज आजीच्या हातात काठी न्हाय.”