ओळीत बसलेले ठिपके

पडद्यावर पत्र्याचा वाकलेला आकार उमटायला हवा होता. उमटला नुसता करडा चिखल. गोळा आदळून पत्रा किती वाकतो हे मोजायची चाचणी फसली होती.

"काका, कॅमेऱ्यांचा दोष नाही," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. "तुमचे ठिपके ओळीत बसलेत. सगळे एका माळेचे मणी! गोळा आदळल्यावर कुठला ठिपका कुठे सरकला, हे कॉम्प्युटरनं ओळखायचं कसं?"

ठिपकेवाले काका पत्र्यावर वाकले. पांढऱ्या रंगावर मार्करनं दिलेले काळे ठिपके शाळेच्या कवायतीला उभे राहिल्यासारखे दिसत होते. ते वेडेवाकडे विखुरले तरच मोजमाप जमतं, हे काकांना ठाऊक नव्हतं थोडंच! बावीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

"आधी असं कधीच झालं नाही," मॅडम म्हणाल्या.

"आधी आम्ही दोघं बसायचो. समोर जोडीदार, त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. ठिपका कुठे पडतोय, इकडे लक्ष कुणाचं! तो निवृत्त होऊन लेकाकडे गेला. आता सगळं लक्ष ठिपक्यावरच जातं, मग तो ओळीतच पडतो."

मॅडमनी उरलेला एकुलता एक पत्रा टेबलावर ठेवला. "हाही फसला तर सोमवारपासून छापील ठिपक्यांचे कागद चिकटवायचे. वरून तसा निरोप आलाय."

काकांनी मार्करचं टोपण काढलं. रिकाम्या घरात सकाळी उठून शर्टाला इस्त्री करायला या कामाखेरीज त्यांना दुसरं कारण नव्हतं.

त्यांनी दहा ठिपके दिले. अकरावा पुन्हा मुकाट्यानं ओळीत जाऊन बसला.

"मॅडम, जरा बसता? काहीतरी बोलत राहा. काहीही चालेल." मागताना त्यांना लाजल्यासारखं झालं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग स्टूल ओढलं आणि आपल्या घरमालकिणीच्या कागाळ्या सुरू केल्या. बाई नळाला कुलूप लावते म्हणे. काका खो खो हसले. हात सैल सुटला, ठिपके एक इकडे, एक तिकडे पडू लागले. बघता बघता अर्धा पत्रा भरला.

"बरं काका, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मार्कर होता तिथेच थांबला. टोकाखाली शाई पसरत गेली, ठिपका वाटाण्याएवढा झाला, तरी काकांना हात उचलता येईना.