सुराची चाचणी

"सर, अजून एक डाव गाता का जी?" माइकची वायर पुन्हा खोचत खुमेंद्रने विचारलं.

सेवकराम सरांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि सा लावला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खऱ्या सुराची हिरवी रेघ होती. तिच्या खालून सरांच्या आवाजाची लाल रेघ चालू लागली. सा, रे, ग, म... वरच्या सापर्यंत ती तेवढंच अंतर राखून, हिरवीला एकदाही न शिवता चालत राहिली.

"सूर चुकला. पुन्हा प्रयत्न करा," कॉम्प्युटर गोड आवाजात म्हणाला.

खिडकीच्या गजांना धरून काही पोरी उभ्या होत्या. त्यांतली एक फिस्सकन हसली. मग तिने सरांकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू विरलं. बाकीच्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

खुमेंद्रने डोळे चोळले. अंगात कसकस होती. घर मुर्रीला, आणि पाय सतत बसमध्ये. आज देवरीच्या पुढे जंगलाला लागून असलेली ही निवासी शाळा, उद्या दुसरी. संगीत शिकवणारं सॉफ्टवेअर आधी मुख्य कॉम्प्युटरवर चढवायचं, मग नेटवर्कवरून बाकीच्यांवर. ऐकायला सोपं. इथे एक मशीन दुसऱ्याचाच नेटवर्क नंबर धरून बसलं होतं, एकाचा अँटिव्हायरस काही आत येऊ देईना, आणि भिंतीकडच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. सगळं जुळत आलं तेव्हा लाइट गेली. परत पहिल्यापासून.

सेवकराम सरांनी मात्र साथ सोडली नव्हती. टेबलाखाली वाकून वायरी धरल्या, दोनदा चहा आणला, हेडफोनांवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. याच शाळेत पोरांना गाणं शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते.

आता चाचणी तेवढी राहिली होती. शाळेच्या संगीत शिक्षकाने माइकसमोर गायचं. कॉम्प्युटरने सूर ओळखला की 'चाचणी यशस्वी' असा निरोप आपोआप शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्य कार्यालयात जायचा.

"आन् पास नाई झालं तं?" सरांनी सकाळीच विचारलं होतं.

"मंग समजा सामान वापस. संस्थावाले म्हणतेत, या शाळेत हे जमून नाई राहिलं. पुढच्या साली पाहू."

सरांनी मान हलवली होती.

खुमेंद्रने माइक बदलला. साउंडची सेटिंग तपासली. स्वतः सा लावून पाहिला, तर कॉम्प्युटरने त्याच्या तापाने बसलेल्या घशालासुद्धा शाबासकी दिली. म्हणजे मशीन ठीक होतं. चुकत होते ते सरच.

त्याचे बाबा गावच्या भजनात पेटी वाजवत. पुढे बोटं आखडली. एका सप्त्यात सगळ्यांच्या देखत पेटी दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवली गेली, आणि बाबा रात्रभर टाळ घेऊन कोपऱ्यात बसून राहिले. तो चेहरा खुमेंद्रला अजून दिसायचा.

"सर, पाणी पिऊन या जी. घसा सुकला असंल."

सर माठाकडे गेले. खुमेंद्रने सेटिंग उघडली. 'अचूकता' समोर 'कठोर' असं लिहिलं होतं. ते त्याने 'अगदी सोपी'वर नेलं. पहिलीतल्या पोराने ओरडलं तरी चालेल इतकं. मग सेटिंग बंद करून हात मांडीवर ठेवून तो बसला.

सर आले. गायले. लाल रेघ तशीच, तेवढ्याच अंतरावरून चालली.

"शाब्बास! सूर अचूक आहे."

सर पडद्याकडे बघतच राहिले. "पुन्हा गाऊ का?"

"गा ना जी."

या वेळी रेघ आणखी खाली घसरली. कॉम्प्युटर पुन्हा म्हणाला, "शाब्बास!" सरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. खुमेंद्रने तोंड फिरवलं. माणसाचा आनंद असा टक लावून बघू नये. निरोप गेल्याची खूण पडद्यावर उमटली, तेव्हा पहिल्यांदाच त्याला थकवा कमी वाटला.

सामान आवरून तो ऑफिसात गेला. मुख्याध्यापिका दुर्गेश्वरी मॅडम फोन खाली ठेवत होत्या.

"झालं मॅडम. पास. सरांनी लय छान गायलं."

"कार्यालयातून आत्ताच फोन आला." मॅडमनी चष्मा काढला. "कॉम्प्युटर सुरू झाला की संगीत शिक्षकाची जागा बंद, असं संस्थेने आधीच ठरवलं होतं. सरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायचंय. आज ते पास झालं नसतं, तर निदान वर्षभर तरी..."

खुमेंद्रने हातातलं सामान खाली ठेवलं. "सरांना... ठाऊक होतं?"

मॅडम उत्तर देणार तेवढ्यात सेवकराम सर दारात आले. खांद्यावर कापडात गुंडाळलेला तंबोरा होता. त्यांनी खुमेंद्रच्या पाठीवर हात ठेवला, पोराला चुचकारावं तसा. मग मॅडमकडे पाहून कसंनुसं हसले.

"काय सांगू मॅडम," ते म्हणाले, "सकाळपासून जीव तोडून राहिलो, पर मले बेसूर गाताच नाई आलं."