बटणांचा रणगाडा

वस्तूत सात त्रुटी आढळल्या. दुरुस्त करायच्या?

भावाने 'होय' दाबलं.

पडद्यावर रणगाडा सावकाश स्वतःभोवती फिरला. उजव्या बाजूला चार चाकं, डाव्या बाजूला तीन. त्याने उजवीकडच्या एका चाकाची नक्कल करून ती डावीकडे चिकटवली. वरचं कललेलं रीळ सरळ केलं. अंग घासून गुळगुळीत केलं.

"हे काय चालवलंयस?"

ताई दारात उभी होती. दोन्ही हातांत रंगाच्या बाटल्या, कानामागे ब्रश. भावाने खेळातले छोटे रणगाडे पडद्यावर घडवायचे, थ्रीडी छपाईच्या यंत्रावर छापायचे. ताईने ते रंगवायचे. आणि रविवारी दोघांनी मिळून मित्रांच्या टेबलावर लढाई हरायची, असं बरीच वर्षं चाललं होतं.

"साफसफाई."

"मी छाप म्हणाले होते. सुधार म्हणाले नव्हते."

"ताई, असा रणगाडा कुठल्याच युद्धात नव्हता."

"होता. आपल्या पलंगाखाली होता. मांजराविरुद्ध."

लहानपणीचा मूळ रणगाडा की-बोर्डशेजारी वर्तमानपत्रावर ठेवलेला. तळहाताएवढा. बाह्या इस्त्री करायच्या ठोकळ्याचा एक तुकडा, त्यावर दोऱ्याचं रीळ, रिळात आडवी खोचलेली अर्धी पेन्सिल. चाकांच्या जागी कोटाची बटणं. बाबा शिंपी होते; शिंप्याच्या घरात जे पडून असतं, ते सगळं. लाकडाला कीड लागली होती. उचलला की पिवळी भुकटी सांडायची. म्हणूनच चहूबाजूंनी फोटो काढून तो पडद्यावर आणला होता. पुढच्या वेळी फोटो काढायला तो उरलेला असेलच, याची खात्री नव्हती.

"उद्या हा टेबलावर ठेवला तर मी तोंड कुठे लपवू? मी लोकांच्या रणगाड्यांचे रिव्हेट मोजतो."

"म्हणून तर तुला इन्स्पेक्टर म्हणतात आणि कुणी चहा विचारत नाही. ते चौथं चाक काढ."

"तीन चाकांवर जागच्या जागी गोल फिरेल तो."

"फिरायचाच. ते बटण बाबांनी गिऱ्हाइकाच्या कोटाला परत लावलं. गिऱ्हाईक कोट घालून दारात उभं, आणि तू बटण मुठीत धरून भोकाड पसरलेलं."

"मी नव्हतो रडलो."

"नाही. गल्ली रडली."

भाऊ हसला नाही. पण चाकावर नेलेला बाण त्याने तिथेच जरा वेळ ठेवला.

"चाकाचं बघू. ही तोफ तरी नीट करू दे. उंदरांनी पार कुरतडलीय."

बोलता बोलता हात सुरूही झाला होता. अर्धी पेन्सिल गुळगुळीत झाली.

"थांब."

ताईने बाटल्या खाली ठेवल्या. एक कलंडली, तिने ती उचलली नाही. लाकडी रणगाडा दोन्ही हातांनी घेऊन दिव्याखाली धरला.

"उंदीर असे चावतात? नीट बघ. वर दोन खाचा, खाली एकच. खालचा एक दात पडला होता त्यांचा."

"कुणाचा?"

"माप लिहायची पेन्सिल आहे ही. दोन्ही हातांत टेप असली की पेन्सिल कुठे जायची?"

भाऊ पेन्सिलकडे बघत राहिला. मग बाबांसारखे दातांवर दात ठेवून, ओठ न हलवता म्हणाला,

"छाती शदतीश."

"श्वाश शोडा, शाहेब," ताई म्हणाली.

"शोडला."

"मग पोट कुणाचंय हे?"

दोघांना हसू आवरेना. ताईच्या हातातला रणगाडा हलला आणि भुकटी सांडली. तिने तो अलगद वर्तमानपत्रावर ठेवला.

भावाने उलटा बाण दाबला. तोफेवर खाचा परत आल्या. पुन्हा दाबला. अंग खडबडीत झालं. रीळ कललं. डावीकडचं चौथं चाक नाहीसं झालं. शेवटी सातही त्रुटी जिथल्या तिथे.

"झालं?" तो म्हणाला.

"छाप आता."

त्याने छापायला घेतलं नाही.

"ताई, चाकं दिसतील. रीळ कललेलं दिसेल. पण दात दिसणार नाहीत."

"का?"

"टेबलावरचा रणगाडा बोटाच्या पेराएवढा. तोफ काडीपेटीतल्या काडीहून बारीक. तिच्यावर या खाचा म्हणजे धूळ. यंत्राला जमल्या तरी तुझ्या रंगाच्या पहिल्या हातात बुजतील."

ताईने ब्रश कानामागून काढला. त्याचं टोक बोटावर फिरवून बघितलं. सगळ्यात बारीक ब्रश होता तो.

"काहीच करता येत नाही?"

"येतं. खाच असते त्याहून मोठी काढायची. सगळेच काढतात." तो थांबला. "पण मग ते माप खरं राहत नाही."

ताई खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

भावाने वरची एक खाच निवडली. खोल केली. दुप्पट.

"दिसेल?"

"नाही."

आणखी खोल. मग शेजारची. मग खालची, एकटी. पडद्यावर आता पेन्सिल कुणीतरी रागाने चावल्यासारखी दिसत होती.

"बाबा इतक्या जोरात चावत नव्हते," ताई म्हणाली.

"माहीत आहे."

त्याने हात उचलला. ताई पुढे वाकली, पडद्याच्या अगदी जवळ.

"अजून थोडं," ती म्हणाली.