आधी कुठला तुकडा

यंत्राचा हात वळला, बाटली ओलांडून पुढे गेला आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलून त्याने खोक्यात ठेवली. गिऱ्हाईक आ वासून बघत राहिलं. इतकं नाजूक काम त्या हाताने सहा महिन्यांत केलं नव्हतं.

दोघे भाऊ जागच्या जागी गार पडले. हाताला हुकूम देणारी पेटी धाकट्याची, हात थोरल्याचा. मधे एकच तार. त्या तारेतून एका वेळी एकच तुकडा जाणार, म्हणून हात कुठे वळायचा ते सांगणाऱ्या प्रत्येक आकड्याचे दोन तुकडे करून पाठवायचे. आधी कुठला? धाकटा म्हणे मोठा, थोरला म्हणे छोटा. पेटीचा आणि हाताचा क्रम एकच हवा, नाहीतर आकडा उलटा वाचला जाणार; मग तो कुठलाही धरा, वेगात काडीचा फरक नाही. पण हटून बसायला माणसाला फरक लागतो कुठे?

अकरा दिवस अबोला. वर्कशॉप एक, टेबलं दोन आणि मधे वहिनी. "त्याला विचार, पाना कुठेय." "वहिनी, त्याला सांगा, त्याच्याच खिशात आहे." बिचारीच्या चपला झिजल्या. आजची ऑर्डर गेली तर धंद्याची वाटणी करायची, हेसुद्धा या शहाण्यांनी एकमेकांना तिच्याच तोंडून कळवलं होतं. त्या दिवशी ती मागच्या खोलीत जाऊन रडली होती.

"मी तर तुझ्यासारखं केलं होतं रे!" थोरला ओरडला. "आधी मोठा तुकडा!"

"अरे देवा! दादा, मी तुझ्यासारखं करून ठेवलं. आधी छोटा!"

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"आणि तुला?"

मग दोघे जे हसत सुटले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आता तुझंच राहू दे."

"छे, छे, तुझंच!"

झालं, पुन्हा जुंपली. भांडण तेच, फक्त बाजू बदललेल्या. गिऱ्हाइकाने खाकरून टोपीची आठवण करून दिली, तेव्हा कुठे धाकट्याने मुकाट्याने आपलं पूर्वीसारखं करून टाकलं. हात वळला. बाटली उचलली, खोक्यात ठेवली. वीस बाटल्या झाल्या, एकीलाही तडा नाही. गिऱ्हाइकाने टोपी झटकून डोक्यावर घातली आणि ऑर्डरवर सही करून ते गेलं.

दार लागलं तसा थोरला बायकोकडे वळला.

"अगं, सकाळीच तुला म्हटलं होतं ना, त्याला सांग, मी माझं बदललंय म्हणून?"

"मीसुद्धा सांगितलं होतं, वहिनी!" धाकटा म्हणाला. "विसरलात की काय?"

वहिनी अकरा दिवसांत पहिल्यांदाच खुर्चीत ऐसपैस बसली.

"विसरते कसली? एकाचा जरी निरोप पोचवला असता, तर यंत्र पहिल्या फटक्यात चाललं असतं. आणि तुम्ही दोघं जन्मभर माझ्याच तोंडून बोलत राहिला असतात."