कोच डोनलचा समतोल

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे आकडे भार्गवी सांभाळायची. सलग चौथी मॅच हरल्यावर तिनं धीर करून कोच डोनलसमोर कागद ठेवला. "आपण सारखा चेंडू लांब फेकतो आणि तो कुणाच्याच हाती लागत नाही. चेंडू घेऊन पळालो की मात्र हमखास पुढे सरकतो. दोन्हींचा समतोल हवा, कोच."

चेंडू फेकायचं काम कोचच्या मुलाकडे, शेनकडे होतं. कोचनं कागद घडी करून खिशात घातला. "ग्रँड! शनिवारी निम्मं-निम्मं."

शनिवारी पहिल्या हाफमध्ये पोरं नुसती पळत सुटली. एकवीस-शून्य! भार्गवी भर पावसात उड्या मारत होती. दुसऱ्या हाफमध्ये कोचनं पळणं बंदच करून टाकलं. शेन फेकत राहिला आणि समोरच्या टीमचे झेलत राहिले. मॅच चोवीस-एकवीसनं गेली.

ड्रेसिंग रूमबाहेर कोचनं तिला सगळ्यांसमोर थांबवलं. "तुझा समतोलही करून पाहिला, पोरी. हरलोच ना? आता पुढच्या मॅचपासून फक्त शेन."