गवंडीबुवांची नजर

"ओळंबा नवशिक्यांना लागतो. आपली नजरच ओळंबा!" ही गवंडीबुवांची तीस वर्षांची फुशारकी. मग कसलासा व्हायरल ताप आला आणि कानात शिरला. ताप उतरला, पण डावा कान गेला, तोल गेला आणि जग एका बाजूला कललं ते कललंच.

महिन्याने त्यांनी कुंपणाची भिंत बांधली. पहिल्यांदाच शंका आली म्हणून, सरळ आहे का बघायला दोरीचा ओळंबा लावला, तर ती चार बोटं बाहेर. "हल्ली ओळंबेसुद्धा खोटे येतात!" म्हणत बुवांनी तो भिरकावला. मग विटा देणाऱ्या बायकोकडे वळले. "तू सांग. वाकडी असेल तर आजपासून थापी खाली ठेवतो."

ती त्यांच्या उजव्या कानाशी आली. मान त्यांच्याइतकीच तिरकी करून म्हणाली, "सुतासारखी सरळ आहे हो."

बुवांनी खुशीत भिंतीवर थाप मारली. भिंत पडली.